त्याला काय मानवतं

आमच्या भांडगावातल्या एका आजींची नात अमेरिकेत राहते. असेल दहा-अकरा वर्षांची. तिच्याकडे काचेच्या पेटीत एक साप आहे. गार्टर जातीचा. माणसाला निरुपद्रवी, अंगावर लांबच्या लांब पिवळट पट्टे असलेला, बोटाएवढा जाड. तिकडे हा साप परसात, गवतात सहज दिसतो. हिचा मात्र रानातून धरून आणलेला नाही, पाळलेल्या सापांच्या पोटी जन्मलेला आहे. श्रावणात व्हिडिओ कॉलवर आजींनी विचारलं, "नागपंचमीला त्याला दूध दिलंस का गं?" नात म्हणाली, "आजी, त्याला दूध मानवत नाही. तो गांडुळं खातो." आजी माळकरी. क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "कुठली गांडुळं? आपल्या गांडूळखताच्या बेडमधली चालतात का?"

हा दुसरा प्रश्न मला फार आवडला. आजींनी नाक मुरडलं नाही. 'असलं कसलं पाळतेस' असंही म्हणाल्या नाहीत. जो जीव नातीच्या घरात आहे, त्याच्या पोटाची चौकशी केली. तीही अगदी नेमकी. कारण नातीचं उत्तर होतं, "नाही आजी, तीच तर चालत नाहीत!"

आपल्याकडे खतासाठी बहुतेक ठिकाणी आयसेनिया फेटिडा जातीची गांडुळं सोडतात. लालसर, अंगावर बारीक कडी असलेली. शेणखतात ती भराभर वाढतात, खत छान करतात. पण त्यांना डिवचलं की अंगातून पिवळट, उग्र वासाचा द्रव सुटतो. गार्टर सापाला तो बाधतो. म्हणून साप पाळणारी जाणती माणसं ही गांडुळं त्याच्यापुढे ठेवतच नाहीत. रात्री ओल्या गवतावर वर येणारी मोठी, मातकट गांडुळं तो आवडीने खातो आणि पचवतो. आपल्या डोळ्यांना दोन्ही गांडुळंच. सापाच्या पोटाला ती एक नव्हेत. एवढासा फरक, पण त्याच्यावर त्या जिवाची तब्येत अवलंबून आहे. दहा वर्षांच्या मुलीने तो शिकून घेतला आहे, याचं मला कौतुक वाटतं.

माशांचं तर याहून नवल आहे. गार्टर साप मासे खातो, मग बाजारातून मासे आणून दिले की झालं, असं कुणालाही वाटेल. पण काही जातींच्या कच्च्या माशांत थायमिनेज नावाचं एक द्रव्य असतं. ते शरीरातलं ब-1 जीवनसत्त्व मोडून टाकतं. गोल्डफिश त्यातलाच. रोज तेच मासे मिळाले तर साप पोटभर खातो, अंगानेही ठीक दिसतो, आणि एक दिवस त्याचा तोल जायला लागतो. मान वाकडी होते, अंगाला झटके येतात. पोट भरलेलं असतं आणि शरीर उपाशी असतं. मासे बर्फात गोठवून ठेवले तरी हे द्रव्य जात नाही. सुमारे 80 अंशांच्या पाण्यात काही मिनिटं ठेवले तर ते निकामी होतं. म्हणून सांभाळणारे एक तर मासा पारखून घेतात, नाही तर असा ऊन पाण्यातून काढतात, आणि मुख्य म्हणजे रोज एकच खाणं देत नाहीत. कधी गांडूळ, कधी मासा, कधी उंदराचं लहानसं पिल्लू.

आणखी एक गोष्ट. आपण लेकराला मासा देताना काटे काढून मऊ तुकडा भरवतो. ती आपली माया. सापाला मात्र काट्यांसकट अख्खा मासा लागतो. त्याचं कॅल्शियम त्या काट्यांत आहे. नुसता मऊ, निवडक गर देत राहिलं तर त्याची हाडं कमजोर होतात. आपल्याला जो उत्तम घास वाटतो, तो त्याच्यासाठी अपुरा घास असतो.

पोटभर मिळूनही शरीर उपाशी राहतं, हे माणसाला फार उशिरा कळलं, आणि तेही कोंबड्यांमुळे कळलं. 1890 च्या सुमाराची गोष्ट. क्रिस्तियान आइकमान नावाचे डच डॉक्टर जावा बेटावर बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्त्याला, बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होते. रोगाने माणसांचे पाय लुळे पडत. डॉक्टरांच्या आवारातल्या कोंबड्याही अचानक लडखडायला लागल्या. चौकशी केली तेव्हा कळलं, की त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातून उरलेला पांढराशुभ्र भात मिळत होता. पुढे तिथे नवा आचारी आला. लष्कराचा तांदूळ बाहेरच्या कोंबड्यांना कशाला, म्हणून त्याने तो बंद केला. कोंबड्यांच्या नशिबी कोंड्यासकटचा साधा तांदूळ आला, आणि त्या बऱ्या झाल्या. जे टाकाऊ म्हणून काढून टाकलं होतं, त्या कोंड्यातच त्यांचा जीव होता. त्यातलं ते ब-1 जीवनसत्त्व. आइकमान यांना या कामाबद्दल 1929 साली नोबेल मिळालं. कोंबड्यांना पांढरा भात घालणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. शिजलेला, स्वच्छ भात होता. चांगलंच देतोय, असंच त्याला वाटत असणार.

अमेरिकेत मिनेसोटात 1932 च्या सुमारास कोल्ह्यांच्या एका फार्मवर हेच झालं. कोल्ह्यांना कच्चे मासे खायला घातले आणि ते लुळे पडायला लागले. कारण शोधताना माशांतल्या त्या द्रव्याचा पत्ता लागला. आज एखादी शाळकरी मुलगी आपल्या सापासाठी मासा पारखून घेते, त्यामागे कोंबड्या, कोल्हे आणि पुष्कळ माणसांचं शहाणपण उभं आहे.

आपल्याकडे गार्टर साप नाही. पण त्याचा भाऊबंद आहे, आणि तो आपल्या बांधावरच असतो. दिवड. कुणी पाणदिवड म्हणतं, कुणी विरोळा. दोघं एकाच उपकुळातले. फरक एवढाच, की गार्टर पिल्लांना जन्म देतो आणि दिवड अंडी घालते. खडकवासल्याचा कालवा आपल्या दौंड तालुक्यातून पुढे इंदापूरकडे जातो. आवर्तन सुटलं, चाऱ्या भरल्या, उसात पाणी फिरलं, की दिवड दिसायला लागते. विहिरीच्या पायऱ्यांवर, शेततळ्याच्या काठाला. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे ठिपके. नीट पाहिलं तर डोळ्याखाली आणि डोळ्यामागे एकेक काळी तिरपी रेघ, काजळ ओढल्यासारखी. धरायला गेलं तर फणकारते, चावतेही, पण विष नाही. घोणस किंवा नाग समजून ती फुकट मारली जाते.

या दिवडीला कुणी भरवत नाही. ती पाण्यातला मासा खाते, बेडूक खाते, बेडकाची पिल्लंही खाते. ऋतूप्रमाणे तिचं ताट बदलतं. पावसाळ्यात बेडकांची चंगळ, उन्हाळ्यात आटत्या डबक्यातले मासे. तोच एक पदार्थ दिवसामागून दिवस तिच्या वाट्याला येत नाही, म्हणून तिला काही कमी पडत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्याकडचे साप पकडून घरात पाळता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तिची भूक भागवायची असेल तर आपण एवढंच करायचं, की बेडूक राहतील इतकी ओल आणि इतकं गवत बांधावर राहू द्यायचं. औषध मारलेला पंप तळ्यात धुवायचा नाही. कालव्याच्या कडेला ती दिसली तर काठी शोधायची नाही. उसातली धामण तर शेतकऱ्याचे उंदीरच खाते. तिचं जेवण आपल्या फायद्याचं आहे.

मग नागपंचमीच्या दुधाचं काय? मला वाटतं, त्या सणात जे खरं शहाणपण आहे ते दुधाच्या वाटीपलीकडे आहे. त्या दिवशी काही चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. पुरणाची दिंडं उकडायची. शेतात नांगर घालायचा नाही, खणायचं नाही. जमिनीखाली कुणाचं घर असेल, कुणाची पिल्लं असतील, त्यांना इजा नको. पावसाने बिळं भरलेली असताना, साप उघड्यावर आलेले असताना, आपल्या बायाबापड्यांनी पाळलेला हा नेम किती विचारी आहे! पाटावर चंदनाने नाग काढायचा, त्याला लाह्या वाहायच्या, हे सगळं सुंदर आहे. फक्त जिवंत नागाच्या तोंडाला दूध लावणं त्याला सोसत नाही. तो सरपटणारा प्राणी. दूध पचवायची सोय त्याच्या शरीरात नाही. गारुडी सणाच्या आधी त्याला बरेच दिवस तहानलेला ठेवत, म्हणून समोर येईल ते तो पीत असे. आपण हात जोडत होतो आणि त्याचा जीव कासावीस होत होता.

हे कळल्यावर माणसं बदलली, याचा आनंद मोठा आहे. नीलिमकुमार खैरे यांनी 1986 साली कात्रजला सर्पोद्यान उभं केलं. आपल्या भागातल्या किती तरी शाळांच्या सहली तिथे गेल्या. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात पूर्वी जिवंत नागांच्या मिरवणुका निघत. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तिथे नागाच्या प्रतिमा पुजल्या जाऊ लागल्या. आता कितीतरी घरांत पंचमीला चित्राचीच पूजा होते. भक्ती होती तेवढीच आहे. तिला माहितीची जोड मिळाली.

खरं सांगायचं तर ज्याचं पोट, त्याचं पथ्य, हे आपल्या भागाला कुणी शिकवायला नको. आपल्या गोठ्यात जाऊन बघा. दुभत्या गाईची दावण वेगळी, भाकड गाईची वेगळी. गाभण गाईला शेवटच्या दोन महिन्यांत काय आणि किती घालायचं, हे घरातल्या वहिनींना तोंडपाठ असतं. हिरवा चारा किती, कडबा कुट्टी किती, पेंड किती, मुरघास कधी. मणिभाई देसाईंनी 1967 साली उरुळी कांचनला 'बाएफ' ही संस्था सुरू केली, तेव्हापासून आपल्या भागात गाईच्या खुराकाचं शास्त्र गोठ्यागोठ्यात पोचलं. त्याच उरुळीत 1946 साली गांधीजींनी निसर्गोपचार आश्रम सुरू केला. तिथे आजही माणसाची प्रकृती पाहून त्याचा आहार ठरतो.

तरी लग्नसराईत घोटाळा होतो. मांडवात भात उरतो, बुंदी उरते, पोळ्या उरतात. अन्न वाया जाऊ नये, मुक्या जिवाच्या मुखी लागावं, म्हणून कुणी तरी ती पाटी उचलून गाईपुढे ठेवतं. गाय आवडीने खाते. आणि रात्री तिचं पोट फुगतं. शिजलेलं, पिठाचं, गोड अन्न एकदम पोटात गेलं की तिच्या कोठ्यात आम्ल वाढतं. जनावरांच्या डॉक्टरांना अपरात्री उठवावं लागतं. बैलपोळ्याला पुरणपोळीचंही तेच. मानाचा एक घास पुरे. बाकी त्याचा सण हिरव्या चाऱ्याने होतो. गाईने आवडीने खाल्लं, म्हणून ते तिला मानवलं असं होत नाही. आपणही डब्यातला चिवडा आवडीनेच संपवतो.

भरवण्याचं उत्तम उदाहरण पाहायचं तर आषाढात यवतला जावं. आपल्या शेजारचंच गाव. तुकोबारायांची पालखी लोणी काळभोरहून निघून, लांबचा टप्पा चालून, मुक्कामाला यवतला येते. दुसऱ्या दिवशी आपल्याच रस्त्याने वरवंडकडे जाते. यवतकर वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतात. मोठमोठ्या कढयांत पिठलं रटरटत असतं आणि घराघरातून भाकरी येतात. श्रीमंती दाखवायची तर पंचपक्वान्नं करता आली असती. पण दिवसभर चालून आलेल्या, पहाटे पुन्हा निघायचं असलेल्या माणसाला गरम, तिखट, ओळखीचा घास हवा असतो. पोटाला आधार देणारा आणि चालताना जड न होणारा. त्या पंगतीत वाढणाऱ्याची हौस मागे राहते आणि जेवणाऱ्याची गरज पुढे येते. म्हणूनच ते पिठलं इतकं गोड लागत असावं.

आपल्या घरात हे रोज जमतं का? बहुधा जमतं. कधी कधी मात्र मायेच्या भरात निसटतं. पाहुणे मधुमेही आहेत हे ठाऊक असतं, तरी 'एवढ्याने काय होतंय' म्हणत आपण श्रीखंडाची वाटी पुढे सरकवतो. त्यांना नाही म्हणणं अवघड जातं. तान्ह्या बाळाला मध चाटवायची जुनी रीत आहे. पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये असं डॉक्टर आता स्पष्ट सांगतात, कारण त्याच्यासाठी तो धोक्याचा ठरू शकतो. सासऱ्यांचे दात गेलेले असतात आणि त्यांच्या ताटात आपण कडक भाकरी वाढतो, तेही बिचारे आमटीत बुडवून कसंबसं खातात. गल्लीतल्या कुत्र्याला गोड बिस्किटं घालतो. तो शेपूट हलवतो, आपल्याला बरं वाटतं. त्याला साधी भाकरी किंवा अंड्याचा तुकडा जास्त कामाचा असतो. यातलं एकही माणूस वाईट नाही. प्रेम तर भरपूर आहे. त्या प्रेमाने क्षणभर थांबून समोरच्याकडे बघितलं, की काम झालं.

थांबण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगते. साप कात टाकायच्या आधी त्याचे डोळे दुधाळ, निळसर होतात. त्या दिवसांत त्याला धड दिसत नाही. बहुतेक वेळा तो खात नाही. पहिल्यांदा असं झालं तेव्हा आजींची नात घाबरली होती. गांडूळ तसंच पडून राहिलं. साप कोपऱ्यात जाऊन बसला. तिच्या आईने समजावलं, "त्याला आत्ता नकोय. जबरदस्ती करू नकोस. पाणी ठेव आणि राहू दे." काही दिवसांनी त्याने कात टाकली, डोळे पुन्हा लख्ख झाले, आणि तो आपणहून खायला पुढे आला. खाल्ल्यावरही दोन दिवस त्याला हातात घ्यायचं नसतं, नाही तर खाल्लेलं उलटून पडतं. पिल्लू असताना आठवड्यातून दोनदा खाणं. मोठा झाल्यावर आठवड्याने एकदा पुरतं. रोज खायला घातलं तर तो सुस्त आणि लठ्ठ होतो. मुलीला रोज त्याला भरवावंसं वाटतं. पण ती वार पाळते. हौस असूनही हात आवरणं हेसुद्धा भरवण्यातच येतं, हे तिला या वयात कळतंय. आपल्यापैकी कितीतरी जणांना आग्रहाच्या पंगतीत हे अजून जमत नाही.

मुलांच्या बाबतीत तर हे रोजचंच. अंगात ताप असला की मूल जेवत नाही, आणि आपला जीव वरखाली होतो. दोन घास तरी खा, म्हणून आपण मागे लागतो. डॉक्टर सांगतात, पाणी द्या, पेज द्या, भूक परत येईल तेव्हा खाईल. परीक्षेच्या दिवसांत मुलगी ताटावरून अर्ध्यातून उठते. तेव्हा तिला तिसऱ्या पोळीपेक्षा शेजारी बसणारं कुणी तरी हवं असतं. म्हातारपणी भूक कमी होते, चव बदलते. आईला आयुष्यभर आवडलेली वांग्याची भाजी आता तिला नको असते. ती रुसलेली नसते. तिचं पोट बदललेलं असतं. घरातल्या माणसांची पोटंही ऋतूसारखी बदलतात. पाच वर्षांपूर्वी जे त्यांना आवडत होतं, तेच आपण वाढत राहतो. त्यांनाही आपलं मन मोडवत नाही, म्हणून ते खात राहतात.

त्या मुलीची एक सवय मला आपल्या घरी आणावीशी वाटते. तिच्याकडे एक वही आहे. कोणत्या वारी काय दिलं, किती खाल्लं, काय तसंच राहिलं, कात कधी टाकली, एवढंच त्यात लिहिते. महिन्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर डबा ठेवून, डब्यात साप ठेवून, त्याचं वजन करते. साप बोलत नाही. काय मानवलं हे तो सांगणार कसं? मग जे उरलं त्यावरून ती ओळखते. एकदा ओळीने मासे उरले. तिने पान मागे उलटून पाहिलं, आणि पुढच्या वेळी गांडूळ दिलं. पेटी लख्ख झाली.

आपल्या घरातली माणसं बोलणारी आहेत, पण जेवणाच्या बाबतीत तीही पुष्कळदा बोलत नाहीत. 'छान झालंय' म्हणतात आणि उठतात. खरं काय ते डबा सांगतो. आज सकाळी तुम्ही डबा भराल, किंवा कुणी तरी तुमच्यासाठी भरला असेल. संध्याकाळी तो परत येईल तेव्हा घासायला टाकण्याआधी झाकण उघडून बघा. शेपूची भाजी अर्धी उरली आहे का, पोळीच्या कडा वाळून तशाच आल्या आहेत का, शेंगदाण्याची चटणी मात्र बोटाने पुसून खाल्ली आहे का. दुपारी जेवायला वीस मिनिटंच मिळतात आणि गार पोळी चावायला वेळ लागतो, एवढंही कारण असू शकतं. चहा घेताना सहज विचारा, "डब्याला उद्या काय देऊ? पोळी की भाकरी?" 'काहीही चालेल' असं उत्तर आलं तर आणखी एकदा विचारा. आणि डबा तुमच्यासाठी कुणी भरत असेल, तर त्यांनी विचारायची वाट न पाहता तुम्हीच सांगा, की आजकाल दुपारी दही सोसत नाही, त्याऐवजी काकडी दिली तर बरं.